टोपीखालचे तीन श्वास

जबडेवाला गेला, ही बातमी काकांना न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या अर्ध्या तोंडाला साबण होता. दुकानातल्या टीव्हीवर खालून अक्षरांची पट्टी सरकत होती. न्हाव्याने ती वाचली, वस्तरा बेसिनच्या कडेला ठेवला आणि तो मटकन बाकावर बसला. बाकावर आधीपासून बसलेली दोन गिऱ्हाइकं उभी राहिली. का उभी राहिली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काय झालं? कोण गेलं?" काकांनी विचारलं. चष्मा काढून ठेवलेला, त्यामुळे त्यांना पट्टी दिसत नव्हती.

त्यावर तिघेही त्यांच्याकडे असे बघायला लागले, की काका चाचपडत चष्मा शोधायला लागले. त्या तिघांचंही बरोबरच होतं म्हणा. जो माणूस गेल्याची बातमी आली होती, त्याचाच आवाज समोरच्या खुर्चीतून विचारत होता, कोण गेलं म्हणून.

हे जरा नीट सांगायला हवं. जबडेवाला हा सातासमुद्रापलीकडचा माणूस. खरं नाव वेगळंच होतं, पण ते उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून लोकांनी आपल्या सोयीचं ठेवलं. जनावरं वाचवण्याच्या त्याच्या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात त्याने एका मगरीच्या जबड्यात खांद्यापर्यंत हात घालून तिच्या घशात रुतलेला गळ बाहेर काढला होता. बारा फुटी मगर, आणि हा आपला कपाटाखाली गेलेली किल्ली शोधावी तसा आत चाचपडतोय! पुढे सतरा वर्षं दर रविवारी सकाळी दहाला तो घरोघरी यायचा. विहिरीत पडलेल्या बिबट्याशेजारी दोराने उतरायचा, पुराच्या पाण्यात वाहून चाललेल्या पाणघोड्याच्या पिल्लामागे उडी टाकायचा, आणि पिल्लाच्या आईने धडक मारून तीन बरगड्या मोडल्या तरी पुढच्या रविवारी हजर. डोक्यावर कायम ती रुंद काठाची मळकी टोपी. जनावराजवळ जायच्या आधी तो कॅमेऱ्याकडे पाठ करायचा, दोन्ही हातांनी टोपी कपाळावर खाली ओढायचा आणि म्हणायचा, "घाबरायचं काम नाही!" की निघालाच.

हे वाक्य लोकांच्या बनियनवर होतं, ट्रकच्या मागे होतं, दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर होतं. आणि ते म्हणायचे आमचे काका. जबडेवाल्याला आपल्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. डबिंगच्या खोलीत, काचेमागे उभं राहून, कानावर हेडफोन चढवून काकांनी त्याला बोलतं केलं होतं. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते आवाजवाले काका.

आता गंमत अशी, की ज्या छातीतून हा छातीठोक आवाज निघायचा, ती छाती सशाच्याही कामाची नव्हती. काका पालीला घाबरत. साधी भिंतीवरची पाल! ती दिसली की काका पलंगावर आणि काकू झाडू घेऊन मैदानात. त्यासाठी एक झाडू वेगळा ठेवलेला होता. "देशभर मगरी पकडता," काकू म्हणायच्या, "आणि घरात एवढ्याशा शेपटीला बघून पाचावर धारण बसते." त्यावर काका पलंगावरची चुरगळलेली चादर नीट करत. ही धारण त्यांना जुनीच होती. तेविसाव्या वर्षी नाटकात काम मिळालं होतं, सेनापतीचं. पडदा वर गेला, समोर माणसं दिसली आणि सेनापतीची बोबडी वळली. ते पोशाखासकट मागच्या दाराने जे पळाले ते थेट घरी. ती पत्र्याची तलवार अजून माळ्यावर आहे. त्यानंतर ते कधी लोकांसमोर उभे राहिले नाहीत. काचेमागची ती लहानशी खोली मिळाली, तेव्हा त्यांना स्वर्ग हाती लागल्यासारखं झालं होतं.

असो. त्या दिवशी न्हाव्याने उरलेली दाढी केलीच नाही. वस्तरा बेसिनच्या कडेलाच राहिला आणि काकांनीही आग्रह धरला नाही. अर्धी दाढी घेऊन काका घरी आले, तर दारात चपलांचा ढीग. बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं काकूंच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली होती, घरचंच कोणी गेल्यासारखी. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, ज्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाच्या मरणातही डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ते रुमाल तोंडाला लावून बसले होते. काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बसा, बसा." बस, एवढंच. त्या आवाजात ते दोन शब्द ऐकले आणि सगळी खोली हुंदके द्यायला लागली.

त्या आठवड्यात जे झालं, ते मी तरी आधी कधी पाहिलं नव्हतं. असा कोण लागत होता तो आपला? ना नात्याचा, ना गावचा. पण औषधाच्या दुकानातली बाई काकांना खोकल्याचं औषध देताना म्हणाली, "काका, एकदा म्हणा ना ते वाक्य. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ते दहा वेळा ऐकलं होतं." बँकेच्या रांगेत लोकांनी काकांना पुढे सोडलं आणि ते काउंटरशी काय बोलतात तेच ऐकत सगळी रांग चिडीचूप उभी राहिली. डबिंगच्या इमारतीखाली फुलांचा ढीग कमरेएवढा झाला. चौकातल्या वाहतूक पोलिसाने गणवेशाच्या टोपीऐवजी रुंद काठाची टोपी घातली, आणि त्याच्या साहेबाने ते बघून न बघितल्यासारखं केलं. आणि रविवारी तर कहरच झाला. सकाळी दहाला वाहिनीने अर्धा तास नुसती टोपी दाखवली. खुर्चीवर ठेवलेली मळकी टोपी. ना संगीत, ना बोलणं. आणि लोकांनी ती अर्धा तास बघितली! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खोल्यांमधे तीच एक टोपी दिसत होती. काकूंनी दूध उतू गेलं तरी गॅस बंद केला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "माणूस एवढा मोठा असतो?"

काकांनी उठून गॅस बंद केला.

मग हळूहळू सूर बदलायला लागला. कारण तो कसा गेला, हे आता सगळ्यांना नीट कळलं होतं. मगरीने नाही, बिबट्याने नाही. त्याला हरणाने मारलं होतं. एक शिंगाळ नर काटेरी तारेच्या कुंपणात अडकून पडला होता, त्याला सोडवायला जबडेवाला गेला. तार कापली. सुटलेलं हरीण बिथरून उसळलं आणि शिंगाचं टोक त्याच्या मांडीत घुसलं. मोठी रक्तवाहिनी फाटली. आठ मिनिटांत खेळ आटोपला.

हरीण! लोकांना हे पचेना. आधी विश्वास बसला नाही, मग राग आला, आणि मग, माणसाची जात आपली, त्यातूनच शहाणपण सुचायला लागलं. "मगरीपुढे जपला आणि हरणापुढे गाफील राहिला," असं एकाने म्हटलं, की दुसरा म्हणायचा, "यशाची मस्ती चढली की असंच होतं." ज्यांनी रविवारी टोपीसमोर हात जोडले होते, तेच मंगळवारी कोपऱ्यावर उभं राहून सांगत होते, "भीती म्हणून नव्हतीच ना त्याला. ज्याला भीती नाही त्याचं काय कौतुक? वेडच ते. मागे बायकापोरं आहेत, त्यांचा तरी विचार करायचा." काका हे ऐकत आणि मान खाली घालून पुढे जात. हे खरं नाही, असं ओरडून सांगावंसं त्यांना वाटायचं.

कारण काकांना एक गोष्ट माहीत होती, जी बाहेर कोणालाच माहीत नव्हती.

ती कळायला डबिंगच्या कामाची एक खुबी कळायला हवी. परदेशातून कार्यक्रम यायचा तो आवाजाच्या दोन पट्ट्यांमधे. एकीवर पाण्याचा आवाज, पाखरं, मगरीचं फुत्कारणं, संगीत. दुसरीवर फक्त जबडेवाला. ही दुसरी पट्टी काकांनी हेडफोनमधे ऐकायची, तिच्याबरहुकूम आपल्या भाषेत बोलायचं, आणि मग ती कायमची काढून टाकायची. म्हणजे त्या पट्टीवरचं जे काकांनी तोंडाने केलं, तेवढंच लोकांपर्यंत पोचणार. त्याचं हसणं, खाकरणं, धापा टाकणं, जे काकांनी केलं नाही ते जणू झालंच नाही.

आणि टोपी खाली ओढून तो पाठमोरा उभा राहायचा ना, तेव्हा मुळात तो काहीच बोलत नसे. एक शब्दही नाही. टोपीखाली तो श्वास घ्यायचा. तीन श्वास, आखूड, तुटके, दम कोंडल्यासारखे. मग एक आवंढा. मग निघायचा.

पहिल्या भागात, मगरीच्या त्या भागात, काकांनी ते तीन श्वास इमानेइतबारे माइकमधे घेतले होते. घेताना त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं, कारण ती भीती कुठली आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? अस्सल होती ती. पाल बघून त्यांची व्हायची तीच. पण काचेपलीकडून साहेब ओरडले, "काका, हीरो धापा टाकतो का? काढा ते! त्या जागी काहीतरी दणदणीत टाका." साहेब म्हणजे डबिंगचे दिग्दर्शक, स्वभावाने वाईट नव्हे, पण शांततेचं त्यांना वावडं होतं. चेहरा कॅमेऱ्याकडे नव्हता, ओठ जुळवायची भानगड नव्हती. काकांनी घाईघाईत तोंडाला आलं ते टाकलं, "घाबरायचं काम नाही!" आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. ते श्वास पुन्हा घ्यावे लागणार नव्हते.

हे वाक्य असं जन्माला आलं. जो माणूस ते कधी म्हणालाच नाही, त्याच्या तोंडी ते सतरा वर्षं बसलं, आणि नेमकं तिथे, जिथे तो थरथरत होता. साहेब ते त्याच दिवशी विसरले, पण काकांना माहीत होतं आणि काचेपलीकडे यंत्रावर बसणाऱ्या रेकॉर्डिस्ट बाईंना माहीत होतं. बाई गरजेपुरतंच बोलायच्या. त्या दोघांनी हा विषय कधी काढला नाही.

बुधवारी साहेबांनी काकांना बोलावलं. शनिवारी संध्याकाळी मोठ्या मैदानावर शोकसभा होती. जबडेवाल्याच्या घरच्या लोकांनी शेवटच्या चित्रणाचा तुकडा द्यायला परवानगी दिली होती, हरणाची तार कापेपर्यंतचा, पुढचा नाही. साहेबांचे डोळे लाल होते, आवाज बसला होता, पण योजना तयार होती. "पडद्यावर तुकडा लागेल, आणि तुम्ही मंचावर उभं राहून तिथल्या तिथे डबिंग करायचं. टोपी खाली आली की वाक्य. आणि तुमच्यामागून आठ हजार लोक तेच म्हणतील. काका, मला नुसत्या विचारानेच काटा येतोय!"

काकांनाही आला, पण वेगळा. "मंचावर? मी?"

"मग कोण? तुम्हीच तर आता तो आहात."

काकांनी हेडफोन चढवला. पडद्यावर वाळलेलं गवत, कुंपण, तारेत गुरफटलेलं हरीण. त्याच्या डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. जबडेवाला चालत आला, थांबला, पाठमोरा झाला. टोपी खाली गेली. आणि हेडफोनमधे आले ते तीन श्वास. मगरीपुढचे होते तसेच, बिबट्याच्या विहिरीवरचे होते तसेच. उलट जरा जास्तच तुटके. मग आवंढा.

काकांनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग त्यांनी हेडफोन काढला. "साहेब, हा गाफील नव्हता हो," ते म्हणाले. "हरणालाही हा मगरीइतकाच घाबरला होता. ऐका तुम्ही. हा श्वास ठेवू या. वाक्य नको."

साहेबांनी ऐकलं. हेडफोन काढून त्यांनी तो जपून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "काका, लोक वाक्यासाठी येणारेत. आठ हजार माणसांना घरी रिकामं पाठवायचं? श्वास कळतो का कोणाला मैदानावर?"

काकांनी बाईंकडे बघितलं. बाई यंत्रावरची धूळ पुसत होत्या. वाद घालणं काकांच्या रक्तातच नव्हतं. "बरं," ते म्हणाले. आणि तालमीत त्यांनी वाक्य ठोकून दिलं, एकदम फर्मास. साहेबांनी टाळी वाजवली. घरी जाताना काकांना स्वतःची एवढी शिसारी आली, की बसमधे बसायची जागा असूनही ते उभे राहिले.

शुक्रवारी सकाळी ते फिरायला गेले ते शहराच्या बागेपाशी. तिथे जाळीच्या आत पंधरावीस हरणं असत. आज जाळीला बांबू आडवे बांधले होते आणि राखणदार स्टूल टाकून बाहेर बसला होता.

"जवळ जाऊ नका काका," तो म्हणाला. "चार दिवस झाले, लोक दगड मारतायत. एका मादीचा डोळा गेला."

"यांना? यांनी काय केलं?"

"तेच तर. मी ओरडलो की म्हणतात, यांच्याच जातीने मारलं त्याला." राखणदाराने हात झटकले. "आणि जे दगड मारत नाहीत ना, ते थुंकतात. त्याच्यावर. म्हणतात, हरणाला हलक्यात घेतलं, मस्ती नडली. तुम्ही तर इतकी वर्षं त्याच्या आत होता काका. तुम्हीच सांगा. खरंच हलक्यात घेतलं त्याने?"

जाळीपलीकडे एक हरीण उभं होतं, एक डोळा मिटलेलं. काका त्याच्याकडे बघत राहिले. उत्तर त्यांच्या कानात होतं, आणि ते लोकांपर्यंत पोचवणारा आवाजही त्यांचाच होता. उद्या ते वाक्य ठोकलं, की जबडेवाला कायमचा गाफील ठरणार होता, त्यांच्याच आवाजात. आणि नाही ठोकलं, तर आठ हजार लोकांसमोर, सेनापती... "उद्या मैदानावर या," एवढंच ते कसंबसं म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

शनिवारी मैदान खचाखच भरलं. आठ हजार म्हणता म्हणता पंधरा झाले होते. ज्याच्या त्याच्या डोक्यावर टोपी. मंचामागे काकू पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या आणि काका त्यांच्या शेजारी पांढरेफटक पडून उभे होते.

"अगं, मागचं दार कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मैदानाला मागचं दार नसतं," काकू म्हणाल्या, आणि बाटली त्यांच्या हातात दिली. पाणी अर्धं शर्टावर सांडलं. काकूंनी पदराने शर्ट टिपला, चष्मा पुसून डोळ्यांवर बसवला आणि त्यांना पायऱ्यांकडे वळवलं.

काका मंचावर आले तेव्हा गर्दीतून एकच आवाज उठला. माइकचा दांडा त्यांनी धरला तो बोलण्यासाठी नाही, पडू नये म्हणून. हेडफोन चढवला. मंचाखाली, यंत्रापाशी बाई बसल्या होत्या. साहेब हात वर करून उभे होते. हात खाली आला आणि पडदा उजळला.

वाळलेलं गवत. कुंपण. हरीण. पंधरा हजार माणसं एकदम गप्प झाली. जबडेवाला चालत आला, आणि तो जिवंत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, बुटाची नाडी सुटलेली. गर्दीतून एक दबका हुंदका फिरला. तो थांबला. पाठमोरा झाला. दोन्ही हात टोपीला गेले.

साहेबांचं बोट उठलं. पंधरा हजार तोंडं उघडली.

हेडफोनमधे पहिला श्वास आला. आणि काकांचा स्वतःचा श्वास, जो पायऱ्या चढल्यापासून आखूड, तुटका, दम कोंडल्यासारखा चालला होता, तो त्याच्यावर जाऊन नेमका बसला. सतरा वर्षांत ओठ इतके चपखल कधी जुळले नव्हते. वाक्य घशात होतं, ते वर आलंच नाही. दुसरा श्वास. तो माइकमधून गेला आणि मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून बाहेर पडला. तिसरा. मग आवंढा, एवढा मोठा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू यावा.

जबडेवाला वळला आणि हरणाकडे निघाला. काकाही निघाले, त्यांचं काम त्यांना आता सोडून चालणार नव्हतं. "शांत... शांत, बाळा," ते म्हणाले, आणि आवाज कापला तसा कापू दिला. "ही कात्री तुझ्यासाठी नाही. तारेसाठी आहे. हलू नकोस. मीही हलत नाही." तार तुटल्याचा टण्णकन आवाज आला. चित्र तिथेच थांबलं.

कोणालाच काही कळेना. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, वाक्य राहिलं!"

"राहिलं नाही," काका माइकमधे म्हणाले. माइक त्यांच्या हातात खडखडत होता. "ते वाक्य त्याचं नव्हतंच. माझं होतं. तो टोपी ओढून असा श्वास घ्यायचा. भीती वाटायची म्हणून. दर वेळी वाटायची. मी त्याची भीती पुसून टाकली आणि त्या जागी आपली फुशारकी भरली, सतरा वर्षं. कारण ते श्वास घ्यायची मला भीती वाटायची." त्यांनी पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बोट केलं. "हरणाला त्याने हलक्यात घेतलं नाही हो. एवढंच सांगायचं होतं. तो घाबरला होता, आणि तरी गेला."

साहेब जागच्या जागी थिजले होते. आणि मग मंचाखालून, कोणी न सांगता, बाईंनी यंत्रावरची आवाजाची एक दांडी वर सरकवली.

भोंग्यांतून श्वास आला. काकांचा नव्हे. त्याचा. तीन, आणि आवंढा. मग थोडा थांबून आणखी तीन. "हा मगरीचा," बाई माइकमधे म्हणाल्या. मैदानाने त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मग विहिरीवरचे. पुरातले. काढून टाकलेली प्रत्येक पट्टी बाईंनी सतरा वर्षं जपून ठेवली होती, कुणी न सांगता, कुणाला न सांगता. एकामागून एक त्या ते श्वास लावत गेल्या. हत्तीणीपुढचे, नागिणीच्या वारुळापुढचे, आणि एकदा तर नुसत्या जखमी गिधाडापुढचे. जनावर लहान असो नाही तर मोठं, श्वास तितकेच. कधी कमी नाहीत. सवय म्हणून झाली नव्हती त्याला कधी. प्रत्येक वेळी तो पहिल्यापासून घाबरत होता आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून जात होता.

मी त्या गर्दीत होतो. अंगावर शहारा येतो म्हणतात तो मला तोवर माहीत नव्हता. आमच्या डोक्यावर संध्याकाळ उतरत होती आणि एक मेलेला माणूस सगळ्या आभाळभर श्वास घेत होता. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी रडलंही नाही. माझ्या पुढे बागेचा राखणदार उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली आणि तोंड झाकलं. मग त्याच्या शेजारच्याने. मग कितीतरी जणांनी. आपण तो नखरा समजत होतो, तो नखरा नव्हता. जबडेवाला आपल्यापासून तोंड लपवत होता.

शेवटचे श्वास संपल्यावर काका माइकला हात जोडून खाली उतरले. शेवटच्या पायरीवर काकूंनी त्यांचा दंड धरला. "पळाला नाहीत," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण घरी पोचेपर्यंत दंड सोडला नाही.

साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की जुने भाग पुन्हा डब करायचे आहेत, श्वासांसकट, आणि काकांचा घसा ठीक आहे ना. बागेतले बांबू सुटले. एका डोळ्याचं हरीण जाळीपाशी येतं, आणि लोक त्याच्याकडे बघत उभे राहतात, जरा लांबून, मान देऊन.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजत आले होते. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि काका बैठकीच्या खोलीत. घड्याळामागून एक चांगली पोसलेली पाल बाहेर आली आणि भिंतीवर मधोमध येऊन थांबली.

"अगं!" काका ओरडले. "अगं, ऐकलंस का? झाडू!"

काकू झाडू घेऊन दारापर्यंत आल्या. आत डोकावल्या. काका या वेळी पलंगावर नव्हते. भिंतीकडे पाठ करून खोलीच्या मधोमध उभे होते. काकूंनी झाडू आवाज न करता दाराशी टेकवून ठेवला, परत जाऊन गॅस बारीक केला आणि कान दिला. आतून तीन आखूड श्वास ऐकू आले. मग एक आवंढा. मग झाडू उचलल्याचा आवाज झाला.